हात बांधायची परवानगी

ह्यांनी मला पहिल्यांदा मारलं तेव्हा आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते. हे दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू आत कशी आलीस? कोणी सोडलं तुला आत?"

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. मी हसल्यावर त्यांनी ओट्यावरचं कुकरचं झाकण उचललं आणि माझ्या खांद्यावर घातलं.

त्याआधी ह्यांनी माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. केंद्र सरकारच्या पाणीखात्यात ते इंजिनिअर होते. देशभरची धरणं तपासत फिरायचे आणि घरी आले की धरणासारखेच गप्प बसायचे. ऑफिसातले लोक म्हणायचे, "साहब को गुस्सा नहीं आता, बुखार भी नहीं आता." ते खरंच होतं. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी आधी शब्द गेले, मग माणसं ओळखू येईनाशी झाली, आणि मग ते झाकण. न्यूरोच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. मेंदूचा पुढचा भाग सुकत चालला होता. डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, याद रखिए, ये वो नहीं मार रहे, बीमारी मार रही है."

मी लक्षात ठेवलं. पण हात त्यांचाच होता. त्या हाताची बोटं, त्या बोटातली अंगठी मला पाठ होती, आणि तो हात आला की माझं अंग आधी आक्रसायचं, आजार वगैरे नंतर आठवायचं.

दोन वर्षं मी तसं काढलं. लाटणं, सांडशी, खलबत्ता सगळं वरच्या फडताळात कुलूप लावून ठेवलं. दिल्लीच्या मे महिन्यात लांब बाह्यांची ब्लाउजं घातली. ठेवलेले दोन अटेंडंट आठवड्याच्या आत निघून गेले. दुसरा जाताना म्हणाला, "आंटी, बूढ़े हैं, पर हाथ लोहे का है." सोसायटीत लिफ्टमध्ये कोणी माझ्या गालाकडे पाहिलं की मी सांगायचे, बाथरूममध्ये घसरले. मी इतक्या वेळा घसरले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एक दिवस न घसरणारी रबरी चटई आणून दिली. मी ती घेतली, आभार मानले आणि बाथरूममध्ये अंथरली.

आमचा एकुलता एक मुलगा टोरांटोला असतो. दिल्लीतच वाढलेला, त्यामुळे त्याचं मराठी निम्मं हिंदी. तो फोनवर म्हणायचा, "आई, यार, तू एकटी कसं करणार? बाबांना घेऊन इकडे ये. इथे डॉक्टर आहेत, होम्स आहेत. बिल्कुल टेन्शन घेऊ नको." बाबा विसरतात, रात्री उठून बसतात, हे त्याला माहीत होतं. मारतात हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

व्हिसा आला. तिकिटं त्यानेच काढली. राहिला विमान कंपनीचा मेडिकल फॉर्म. त्यात एक प्रश्न होता: प्रवाशाच्या वागण्यामुळे इतरांना इजा होण्याची शक्यता आहे का? मी पेन धरून बसले. 'हो' लिहिलं तर नेणार नाहीत. नेणार असतील तर सोबत डॉक्टर आणा म्हणतील, आणि तो कुठून आणायचा? पंधरा तासांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणत मी 'नाही'वर खूण केली. न्यूरोचे डॉक्टर अशा फॉर्मवर सही करणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी आमच्या सेक्टरमधल्या साध्या डॉक्टरांकडे गेले, ज्यांना ह्यांचं ब्लडप्रेशर तेवढं माहीत होतं. "थोड़ा भूलते हैं," मी म्हणाले. त्यांनी सही करून दिली.

हे घराबाहेर पडायला तयार होईनात, म्हणून मी दुसरं खोटं बोलले. "दौऱ्यावर जायचंय," मी सांगितलं. "धरण बघायला."

"कुठलं?"

"मोठं आहे. लांब आहे."

ते लगेच उठले. स्वतः शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. टॅक्सीत ताठ बसून राहिले. विमान दुपारी एकचं होतं. सकाळी नऊलाच उन्हाने रस्ता थरथरत होता, आणि मला वाटलं, जमलं. आता जमलं.

विमानतळावर सुरक्षा तपासणीला बायकांची रांग वेगळी. मी पडद्याआड उभी होते, हात पसरून. तिथूनच मला तो आवाज ऐकू आला. सणसणीत थोबाडीत मारल्याचा आवाज मी आता कुठेही ओळखते. पडदा सारून बाहेर आले, तर ह्यांच्यासमोरच्या जवानाची टोपी खाली पडलेली, गाल लाल झालेला, आणि त्याने ह्यांचं मनगट हवेतच पकडून ठेवलेलं. दुसरे दोन जवान धावत आले.

"ताऊ, आराम से," तो जवान म्हणाला. बोली हरियाणातली होती. मनगट न सोडता त्याने मला विचारलं, "माताजी, इनकी तबीयत ठीक है?"

"हाँ हाँ, बिल्कुल," मी म्हणाले. "ऊँचा सुनते हैं. अचानक हाथ लगाया ना, घबरा गए."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "लंबा सफर है. सोच लो. अभी वापस जा सकते हो."

त्याने खरंच दार उघडून दिलं होतं. घर वीस मिनिटांवर होतं. पण त्या घरात परत जाऊन कुलूप लावायचं, बाह्या खाली ओढायच्या, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणाले, "सोच लिया, भैया."

त्याने मनगट सोडलं आणि टोपी उचलली.

विमानात बसायच्या आधी मी ह्यांना झोपेची अर्धी गोळी दिली. खिडकीशी हे, मधे मी, आणि कडेच्या सीटवर एक धिप्पाड बाई आल्या. पंचावन्नच्या असतील. पानिपतला त्यांचा चादरींचा कारखाना होता, आणि त्या मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. मी मराठी आहे म्हटल्यावर त्या मोठ्याने हसल्या. "मराठे? आप लोग तो हमारे यहाँ लड़ने आए थे!" आणि डबा उघडून माझ्या हातावर दोन खारट, खुसखुशीत मठऱ्या ठेवल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदाच हसले.

तीन तास हे झोपले. जागे झाले तेव्हा खिडकीत ऊन जसंच्या तसं होतं. विमान सूर्याच्या मागेमागे चाललेलं, त्यामुळे दुपार संपतच नव्हती. घरी संध्याकाळ झाली की त्यांचं डोकं फिरायचं. इथे संध्याकाळच होणार नाही, तर बरंच आहे, असा मी वेड्यासारखा विचार केला.

पाचव्या तासाला सुरू झालं. आधी चिमटे. कंपनीचं ब्लँकेट दोघांच्या मांडीवर होतं, त्याखालून ते माझ्या मांडीचं मांस दोन बोटांत धरून पिळायचे. मग कोपर, फासळीत. तोंडाने काही नाही, नजर समोर. मीही तोंडाने काही नाही. आवाज केला तर लोक वळून बघतील, विचारतील. मी दात आवळून समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा बघत होते. एक छोटं पांढरं विमान बर्फाच्या देशावरून मुंगीसारखं सरकत होतं. ठोसा बसला की मी बघायचे, किती पुढे गेलं. बहुतेक वेळा जिथल्या तिथेच असायचं.

मी उरलेली अर्धी गोळी पाण्याबरोबर पुढे केली. त्यांनी ती तोंडात घेतली आणि पाण्यासकट माझ्या तोंडावर थुंकली.

पानिपतच्या बाईंनी रुमाल दिला. मग हळूच विचारलं, "बहनजी, ये आपको मार रहे हैं?"

"नहीं नहीं. नींद में हाथ चल जाता है."

"आँखें तो खुली हैं," त्या म्हणाल्या. मी ब्लँकेट वर ओढलं.

आठव्या तासाला माझा डोळा लागला. आदल्या दोन रात्री मी झोपले नव्हते. दहा मिनिटं लागला असेल नाहीतर अर्धा तास. जागी झाले ती आरडाओरड्याने. खिडकीची सीट रिकामी होती. पाय उचलून आम्हा दोघींवरून हे कसे गेले, मला आजही कळत नाही.

मागच्या बाजूला, जिथे जेवणाच्या गाड्या ठेवतात तिथलं विमानाचं दार धरून हे लोंबकळत होते. दोन्ही हातांनी दांडा धरलेला, एक पाय भिंतीला टेकवलेला, आणि सगळ्या ताकदीनिशी ओढत होते. "गेट उघडा!" ते ओरडत होते. "पाणी वर आलंय! गॅलरीत माणसं आहेत, गेट उघडा!"

धरणाच्या पोटात तपासणीसाठी लांब बोगदा असतो, त्याला ते गॅलरी म्हणायचे. तिथे सतत पाण्याची घरघर ऐकू येते, असं त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. विमानाची ती घरघर ऐकत ते आठ तास बसले होते, आणि धरण बघायला चाललोय असं मीच त्यांना सांगितलेलं. ते माणसं वाचवत होते. पण विमानात मराठी समजणारं कोणी नव्हतं. लोकांना दिसत होता तो छत्तीस हजार फुटांवर दार उघडू पाहणारा एक माणूस.

तिथे कामावर असलेली हवाई सुंदरी, सडपातळ, माझ्या सुनेच्या वयाची, तिने त्यांच्या दंडाला हात लावला. "सर, प्लीज़, सीट पर चलिए." त्यांनी मागे न बघता कोपर फिरवलं. पापड मोडावा तसा आवाज आला. ती दोन्ही हातांनी नाक धरून खाली बसली आणि तिच्या बोटांमधून रक्त मनगटावर, तिथून बाहीवर उतरत गेलं.

"दरवाज़ा खोल रहा है!" कोणीतरी किंचाळलं. "सबको मारेगा!"

मग माणसं उठली. तिघं-चौघं तरुण, परदेशी शिकायला, नोकरीला निघालेले असतील. भीतीने त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. ती भीती खोटी नव्हती. आकाशात असताना ते दार माणसाच्या हाताने उघडतच नाही, हे मला नंतर कळलं. त्यांनाही तेव्हा माहीत नसणार. एकाने ह्यांच्या गुडघ्यावर लाथ घातली. दुसऱ्याने मान धरून खाली ओढलं. बहात्तर वर्षांचा माणूस जमिनीवर पडला आणि ते मारतच राहिले. बरगड्यांवर, पाठीत, जिथे जागा मिळेल तिथे. "मारो साले को! हाथ पकड़ो! हाथ!" जेवणाची गाडी कलंडली. पाण्याच्या बाटल्या पायांखाली फुटत होत्या. एक मूल कुठेतरी एकसारखं किंचाळत होतं.

मी ओरडत होते, "मारू नका! आजारी आहेत ते, मारू नका!" मराठीत. दिल्लीत पस्तीस वर्षं राहून मला त्या क्षणी हिंदीचा एक शब्द आठवला नाही. मी त्यांच्यामध्ये घुसले, ह्यांच्या अंगावर आडवी पडले. दोन लाथा मला बसल्या. मग "औरत है, औरत है" असं कोणीतरी म्हणालं आणि लाथा थांबल्या.

आणि तेव्हा ह्यांचा मोकळा हात वर आला आणि माझ्या गळ्यावर बसला.

त्यांनी गळा दाबला. मी त्यांना वाचवायला आले होते आणि ते माझा गळा दाबत होते. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यात मला ओळखणारं काहीही नव्हतं. कानात वारं भरल्यासारखं झालं.

मी मारलं. आधी हात सुटावा म्हणून मारलं. तोंडावर, मुठीने. हात सुटला. श्वास आला. मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी त्यांच्या छातीवर गुडघा टेकवला आणि मारत राहिले. गालावर, कानावर, तोंडावर. हातात बांगड्या होत्या, त्यांचा भार मला जाणवत होता आणि तो मला बरा वाटत होता. हे खरं आहे, म्हणून लिहितेय. कुकरच्या झाकणापासून सगळे मार एकापाठोपाठ आठवत होते आणि प्रत्येकाला मी उत्तर देत होते. मघाचे ते तरुण बाजूला सरकून बघत उभे राहिले होते. त्यांना माझी भीती वाटली असावी.

पाठीमागून दोन जाडजूड हातांनी मला उचललं. "बस," पानिपतच्या बाई माझ्या कानात म्हणत होत्या. "बस, बहन. हो गया. बस."

खाली हे डोळे गच्च मिटून पडले होते. ओठ फाटला होता. त्यांनी चेहऱ्यासमोर हातसुद्धा धरला नव्हता.

थोड्या वेळाने विमानातले प्रमुख कर्मचारी माझ्याजवळ आले. वयाने मोठे, केस पिकलेले. ते गुडघ्यांवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, कॅप्टन पूछ रहे हैं. या तो इनके हाथ बाँधकर बैठाएँ, या रास्ते में कहीं उतरना पड़ेगा. वहाँ कैसा अस्पताल मिलेगा, पता नहीं. सात घंटे बाकी हैं. आप पत्नी हैं, इसलिए आपसे पूछ रहा हूँ."

"बाँध दीजिए," मी म्हणाले.

मी इतक्या पटकन म्हणाले की त्यांनी पुन्हा विचारलं. "आप समझ रही हैं ना? लैंडिंग तक."

"समजलं. बाँध दीजिए."

शेवटची रांग रिकामी केली. ह्यांना मधल्या सीटवर बसवलं, आणि पिशव्यांची तोंडं आवळतात तशा पण रुंद प्लास्टिकच्या पट्ट्यांनी दोन्ही मनगटं एकमेकांना बांधली. वरून पट्टा. कातडी कापू नये म्हणून मी पट्ट्यांच्या खाली विमानात मिळालेले मोजे सरकवले. तेवढंच मला करता आलं.

ती नाक फुटलेली मुलगी माझ्यासमोरून गेली. नाकात कापूस, डोळ्यांखाली निळं चढायला लागलेलं. ती थांबली. "मॅडम, आपको पता था? कि ये ऐसा करते हैं?"

"नहीं," मी म्हणाले.

माझी बाही झटापटीत कोपरापर्यंत फाटली होती. तिची नजर माझ्या हातावर गेली. तिथे आजच्या लाल खुणा होत्या, मागच्या आठवड्याच्या निळ्या, आणि त्याच्याही आधीच्या पिवळ्या. तिने त्या पाहिल्या. पडद्याआड निघून गेली.

सात तास मी त्यांच्याशेजारी बसले. पहिला एक तास ते पट्ट्या तोडायचा प्रयत्न करत राहिले, मग दमले. मग त्यांची पँट ओली झाली. बांधलेल्या माणसाला उठवता येईना. पानिपतच्या बाई आल्या, स्वतःच्या बॅगेतून एक कोरी चादर काढली, "हमारी अपनी है, कारखाने की," म्हणाल्या आणि माझ्याबरोबर वाकून ती त्यांच्याखाली सरकवली. मुलीच्या बाळासाठी नेत असणार. मी नको म्हणाले नाही.

नंतर केव्हातरी हे माझ्याकडे वळले. आवाज अगदी पूर्वीचा, हळू, आदबीचा.

"बाई, तुम्ही इथल्याच का?"

"हो," मी म्हणाले.

"एक काम कराल? माझ्या मिसेसना निरोप द्या. ह्या लोकांचा काहीतरी गैरसमज झालाय. ती आली की सांगेल त्यांना, मी काही केलेलं नाही."

"कुठे असतात त्या?"

"इथेच. बाहेर बसली असेल. जरा घाबरट आहे. तिला एकदम सांगू नका."

"नाही सांगत एकदम," मी म्हणाले.

ते समाधानाने मागे टेकले. फाटलेला ओठ सुजून वर आला होता. त्यावरचं रक्त मी ओल्या रुमालाने पुसलं, तर ते म्हणाले, "थँक यू." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट वेळ. गळा दाबला तेव्हापेक्षा वाईट.

विमान उतरलं तेव्हा सगळ्यांना जागेवर बसून राहायला सांगितलं. पोलीस आत आले. लोक फोन वर धरून आमचं चित्रण करत होते. ह्यांना स्ट्रेचरवर बांधून नेलं आणि मला वेगळ्या खोलीत. तिथे एक पोलीस अधिकारी बाई होत्या, पंजाबी घरातल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी पाणी दिलं. नाव, पत्ता, पासपोर्ट झालं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घर पर भी मारते हैं?"

सोसायटीतल्या बायका, सेक्टरचे डॉक्टर, सणाला भेटणारी महाराष्ट्र मंडळातली माणसं, दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी विचारू दिलं नव्हतं, तेही खरंच. मी "हाँ" म्हणाले आणि मग थांबताच येईना. झाकणापासून सांगितलं. फॉर्मवर 'नाही' लिहिल्याचं सांगितलं. त्या जवानाने परत जायची संधी दिली होती, तेही सांगितलं. एकच गोष्ट सांगितली नाही, मी मारल्याची. त्यांनी सगळं लिहून घेतलं. "पहले क्यों नहीं बताया?"

"बताती तो ला नहीं पाती," मी म्हणाले.

"और लाकर?" त्यांनी विचारलं. रागाने नाही.

ह्यांच्या दोन फासळ्यांना चीर गेली होती. ओठाला चार टाके पडले. तो कशाने फाटला हे तिथल्या डॉक्टरांनी विचारलं नाही, झटापटीत होतंच म्हणाले. माणूस आजारी आहे म्हणून खटला उभा राहिला नाही. पण विमान कंपनीचं पत्र आलं, की ह्यांना पुन्हा कधीही विमानात घेतलं जाणार नाही. ते पत्र वाचून मुलगा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दुसरी कुठली कंपनीही त्यांना नेणार नव्हती, म्हणजे आता ते कधीच परत जाणार नव्हते. बरोबर चार शर्ट घेऊन दौऱ्यावर निघालेला माणूस तिथेच अशा आजाऱ्यांच्या एका होममध्ये सव्वा वर्ष जगला आणि तिथेच गेला. त्या मुलीच्या नाकाचं हाड मोडलं होतं. मी तिला कंपनीच्या पत्त्यावर माफीचं पत्र पाठवलं. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, हेही त्यात लिहिलं. उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं काही नव्हतं.

मुलाशी नीट बोलणं झालं ते तिसऱ्या आठवड्यात. सून कामावर गेली होती. आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो. तो म्हणाला, "तू फॉर्मवर झूठ लिहिलंस, आई. विमानात तीनशे लोक होते."

"हो."

"मला का नाही बोललीस?"

"तू घाबरला असतास. नको म्हणाला असतास."

कप बाजूला सारून तो म्हणाला, "आई, एक सांगू? मागच्या वर्षी तू एकदा फोनवर बोलून गेलीस, हातावर वळ उठलाय. मी विचारलं, वळ म्हणजे? तू म्हणालीस, काही नाही रे, आणि विषय बदललास. मला तो शब्द खरंच येत नव्हता. मी फोन ठेवल्यावर नेटवर शोधला."

मी बाही खाली ओढली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. पण पुढच्या वेळी तू हसून बोललीस, तर मी पण हसलो. मला वाटलं, विचारलं तर मला यावं लागेल. नवीन जॉब होता. तुझ्यावर ओरडायचा मला काही हक नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून मला राग येईल. आला नाही. मी म्हणाले, "ह्यांच्या ओठाचे टाके माझे आहेत."

"म्हणजे?"

"त्या मुलांनी नाही मारलं तिथे. मी मारलं. माझी बांगडी लागली. सुटका झाल्यावरही मी मारत होते. त्या बाईंनी ओढलं नसतं तर अजून मारलं असतं."

तो उठला. नळ सोडला आणि भांडी घासायला लागला. ती सकाळीच घासून झालेली होती. बराच वेळ पाठमोरा घासत राहिला, आणि मी त्याला थांबवलं नाही.

त्यानंतर आम्ही होममध्ये रोज बरोबर जायला लागलो. एक दिवस तो ह्यांच्या शर्टाची बटणं लावत होता. वाकलेला होता, बेसावध. ह्यांनी हात उचलला आणि त्याच्या कानशिलात दिली. तो तोल जाऊन पलंगाच्या कडेला बसला. तिथली नर्स धावत आली, त्याने तिला हाताने थांबवलं. कान लाल झाला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते माराने आलं की कशाने, मला सांगता येणार नाही.

"आई," तो म्हणाला, "खूप दुखायचं का गं?"

"हो," मी म्हणाले. "खूप दुखायचं."

मग मी उरलेली दोन बटणं लावली.